शनीची कडी आणि पाचचं पाणी

वाकडच्या पुलाखाली कॅब अडकली की बाकीचे मोबाइल बघतात, मी जाहिरातींचे फलक बघते. परवा एका फलकावर शनी दिसला. सगळी कडी शाबूत, मागे निळसर काळोख, आणि त्या काळोखापुढे चार देखणे तरुण चेहरे, चारही रुसलेले. खाली लिहिलं होतं, 'प्रवास पुन्हा सुरू.' एप्रिलचं ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं. मागची बस उगाचच हॉर्न देत होती. आणि मला एकदम तापलेल्या पत्र्याच्या खोलीचा वास आला. चिरलेल्या कैरीचा, ओल्या गोणपाटाचा, बाबांच्या युनिफॉर्मला चिकटलेल्या मशीनच्या तेलाचा.

मालिकेचं नाव मी लिहिणार नाही. तिची फुकट जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही. अंतराळातल्या प्रवासाची मालिका होती, एवढं पुरे. आमच्या बारावीच्या वर्षी तिचा पहिला भाग लागला होता, आणि आता इतक्या वर्षांनी ती पुन्हा येते आहे. बारावीची परीक्षा संपलेली आणि पुढची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली, असा तो उन्हाळा होता. दरवर्षी मार्च संपला, रस्त्याकडेला परीक्षेहून परतणारी पोरं उसाच्या रसाच्या गाड्याभोवती पेपरातल्या चुका मोजताना दिसली, की तो उन्हाळा माझ्याकडे परत येतो. येतो आणि बसून राहतो.

आम्ही तेव्हा कारखान्यांच्या पट्ट्यात, महाळुंग्यात, आप्पांच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आप्पा मूळ गावातले. त्यांच्या कांद्याच्या वावरात आता एका कंपनीच्या नव्या गाड्या ओळीनं उभ्या असतात, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेल्या. जमीन गेली, तेव्हा घराशेजारच्या उरलेल्या तुकड्यावर आप्पांनी पत्र्याच्या बारा खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत आम्ही. बाबा लातूरकडचे, एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला, आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. अजूनही लेख संपवताना शेवटी 'निषेध असो' लिहायला हात शिवशिवतो.

आप्पांची मुलगी वैशाली, म्हणजे वैशू, माझ्याच वर्षाला होती. ती सायन्सला, मी आर्ट्सला. मला ती 'पत्रकबाई' म्हणायची.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. शाळा-कॉलेजांची रविवारी. त्यामुळे माझं सगळं लहानपण बाबा घरी असताना मी शाळेत आणि मी घरी असताना बाबा शिफ्टला, असं गेलं. परीक्षा संपल्यावरच्या त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा आमचा सुट्टीचा वार एक झाला. गुरुवारी दुपारी मालिकेच्या आठवड्याभरातल्या भागांचं पुनःप्रक्षेपण असायचं आणि टीव्ही होता आप्पांच्या पुढच्या खोलीत. जेवणं उरकली की सगळे तिकडे. बाबा दाराशी, कारण तिथे वारा. आप्पा लोखंडी कॉटवर. पुढच्या गाळ्यात दुचाकींचं गॅरेज चालवणारे इस्माईलभाई स्वतःचं स्टूल घेऊन. खिडकीला वैशूनं भिजवलेलं गोणपाट लावलेलं. आम्ही दोघी खाली फरशीवर, कैरीच्या फोडी आणि तिखट-मीठ मध्ये ठेवून.

आप्पांना ती मालिका बघायला बसवलं ते आम्हीच. वैशूला दक्षिणेकडच्या एका लांबच्या शहरात शिकायला जायचं होतं. तिथे यानांचं, उपग्रहांचं शिक्षण मिळतं, हे तिला कुठूनतरी कळलं होतं आणि कळल्यापासून ती अंगणात पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून प्रश्नपत्रिका सोडवत होती. माहितीपत्रकावर आप्पांचा विश्वास नव्हता. जमीन जाताना त्यांनी बरीच गुळगुळीत माहितीपत्रकं बघितली होती. ते म्हणायचे, "दाव म्हंजे कळंल." म्हणून आम्ही ठरवलं, दाखवायचं. यान कसं असतं, त्यात माणसं काय करतात, मुलगी असली तरी इंजिनाच्या खोलीत कशी उभी राहते, सगळं आप्पांनी डोळ्यांनी बघायचं. युक्ती माझी होती की तिची, यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं भांडलो. दोघीही श्रेय दुसरीला देत होतो.

पहिला भाग अजून जसाच्या तसा आठवतो. यान सुटलं. खिडकीतली पृथ्वी आधी ताटाएवढी, मग लिंबाएवढी, मग वाटाण्याएवढी झाली. इस्माईलभाईंच्या हातातली बिडी न पेटवताच राहिली. पत्रा मध्येच उन्हानं टणकन वाजला, तर आम्ही सगळे दचकलो. आप्पा हळूच म्हणाले, "एवढीशी हाय व्हय." वैशूनं माझा हात इतका घट्ट दाबला की कैरीचं तिखट माझ्या नखात गेलं. त्या क्षणासाठी मी त्या मालिकेच्या लोकांना अजूनही थोडं माफ करते. थोडंच.

कारण दुसऱ्या भागापासून माणसं बोलू लागली.

कॅप्टन होता, त्याच्या वडिलांनी लहानपणी त्याचं कौतुक केलं नव्हतं, म्हणून तो पृथ्वीशी बोलायचा रेडिओ बंद करून बसला. डॉक्टर होता, तो औषधांपेक्षा इतरांच्या भानगडींत जास्त. वैमानिक एकीवर प्रेम करायचा आणि तिलाच जळवायचा. आणि इंजिनीअर होती ईरा, जिच्यावर आमची सगळी मदार. वैमानिक तिचा वाढदिवस विसरला म्हणून ती प्राणवायूच्या खोलीला आतून कडी लावून बसली. मागे शनीची कडी इतकी सुंदर फिरत होती, आणि पुढे ही चार माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी. वर्षानुवर्षांच्या प्रवासाला निघालेली माणसं, आणि एकाला दुसऱ्याशी सरळ एक वाक्य बोलता येत नव्हतं. बोलले असते तर मालिका चार दिवसांत संपली असती, म्हणून त्यांना बोलू दिलं नाही.

आमच्या खोलीत मात्र वेगळीच तपासणी सुरू झाली. बाबा प्रेसवर काम करणारे. त्यांच्या मशीनला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत अडकायची भीती नाही. यानाचा बाहेरचा दरवाजा वैमानिकानं रागाच्या भरात एका बोटानं उघडला, तेव्हा बाबा उठूनच उभे राहिले.

"एका बोटानं? काय करायलेत हे? दोन हातांचं बटण नाही तिथं?"

"बाबा, ते यान आहे."

"मग तर चार हातांचं पाहिजे."

दुसरी गोष्ट त्यांना त्याहून जास्त लागली. यानातलं कुणीही खुर्ची सोडून केव्हाही निघून जायचं. आमच्याकडे मशीन सोडायचं तर तुमच्या जागी येणारा माणूस, रिलिव्हर, समोर उभा राहिला पाहिजे. त्याला काय चाललंय ते सांगायचं, चार्ज द्यायचा आणि मग निघायचं. बाबा टीव्हीकडे बघून कळवळून म्हणायचे, "अरे, चार्ज तर दे. मग जा कुठं रडायचं तिथं."

आप्पांनाही हे पटायचं. शेतीच्या दिवसांत पाटाच्या पाण्याची पाळी असायची. पुढचा माणूस बांधावर येईपर्यंत खोरं खाली ठेवायचं नाही, नाहीतर पाणी भलत्याच्या रानात. "आमी थंडीत कुडकुडत उभं ऱ्हायचो," ते म्हणाले. "ह्यास्नी एसीत बसवना."

इस्माईलभाईंचा प्रश्न तिसराच. "आप्पा, आठ भाग झाले, एकदा तरी कुणी ऑइल चेक केलं का ह्या गाडीचं?"

आम्ही खूप हसायचो. पण आप्पा हसता हसता गप्प होत चालले होते, हे वैशूच्या लक्षात आलं. ईरा प्राणवायूच्या खोलीत जाऊन बसली त्या गुरुवारी त्यांनी टीव्ही बंद करून विचारलं, "वैशे, तू शिकून हितं जाणार? ह्या लोकांत?"

"आप्पा, ही नाटकातली माणसं आहेत."

"नाटकवाल्यांनी कुठं तरी बघूनच केली असतील ना. पोरीला लांब धाडायला माझी ना न्हाई. वर आभाळात धाडायलाबी न्हाई. पर ही माणसं बघ. रुसत्यात, कड्या लावत्यात. ह्यांच्या भरवशावर माझी पोर सोडू?"

आम्ही त्यांना यान दाखवायला बसवलं होतं. त्यांनी यान बघितलंच, पण त्याहून नीट त्यातली माणसं बघितली. पोर कुठल्या गावी द्यायची तर गाव बघण्याआधी घरातली माणसं बघायची, ही त्यांची रीत. ते त्या रीतीनंच शनीकडे बघत होते. आणि चुकत कुठे होते?

त्या संध्याकाळी वैशू टाकीच्या सावलीत बसली, पण पुस्तक उघडलं नाही. म्हणाली, "पत्रकबाई, त्या ईराला मी भेटले ना कधी, तर कानाखाली देईन." मी पत्रक लिहिलं. 'मालिकेच्या निर्मात्यांस जाहीर आवाहन.' मागण्या अशा की, यानात तीन शिफ्टची व्यवस्था करण्यात यावी, रिलिव्हर आल्याखेरीज कुणीही खुर्ची सोडू नये, वाढदिवस हे कामबंद आंदोलनाचे कारण मानण्यात येऊ नये, आणि प्रेक्षकांस लहान मूल समजणे त्वरित थांबवावे. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "मागण्या रास्त आहेत," म्हणाले. "पण शेवटची सगळ्यात वर घे. बाकीच्या तिच्यातूनच निघायल्यात." मी ते वाहिनीला पाठवलं. उत्तर आलं नाही.

बाबा बरोबर होते. आज मी लिहिण्याचंच काम करते, आणि 'पात्रं थोडी बालिश ठेवा, लोकांना ते आवडतं' हे वाक्य वातानुकूलित खोल्यांमध्ये ऐकते. कुठले लोक? आमच्या पट्ट्यात रोज किती माणसं पहाटे उठून कुणाच्या तरी जागी उभी राहायला जातात. मनात भांडण असतं, पोटात दुखत असतं, घरी कुणी आजारी असतं. तरी ती दोन हातांनी दोन बटणं दाबतात. त्यांना संध्याकाळी टीव्हीवर रुसलेलं माणूस दाखवायचं आणि म्हणायचं, हे बघा, हे तुमच्यापेक्षा हुशार, हे शनीला निघालेत. याचा मला राग येतो. शनीला जाणाऱ्यांनी रडू नये असं माझं म्हणणं नाही. वाटाण्याएवढी पृथ्वी बघून कुणालाही रडू येईल. ते रडणं त्यांनी एकदाही दाखवलं नाही.

शेवटचा गुरुवार मे महिन्यातला. मालिकेचा शेवटचा भाग. ईरा बाहेरच्या दरवाजापाशी, तिचा हात त्या एका बोटाच्या बटणावर. कॅप्टन धावतो आहे. वैमानिक काचेवर डोकं आपटतो आहे. आता हसणंही थांबलं होतं. कितीही वेडगळ असलं तरी दार उघडलं तर सगळे मरणार होते. आप्पा कॉटच्या कडेला आलेले, बाबा उभे, इस्माईलभाईंचं स्टूल दोन पायांवर.

आणि वैशू उठली.

पाच वाजले होते. बोअरचं पाणी खोल्यांना सोडायचं काम तिचं. टाकीखाली ओळीनं व्हॉल्व्ह होते, ते पान्ह्यानं एकेक करून उघडायचे. सगळे एकदम उघडले तर कुणालाच पाणी चढत नाही. खोल्यांमधल्या बाया तोपर्यंत बादल्या लावून नळाशी बसलेल्या असायच्या. तिनं दाराच्या चौकटीच्या बाजूला ठोकलेल्या खिळ्याला अडकवलेला पान्हा काढला आणि बाबांना बाजूला सारून निघून गेली. मी म्हणाले, "अगं, दोन मिनिटं." ती गेलीसुद्धा.

टीव्हीवर कुणीतरी किंचाळत होतं. त्यातून मला भिंतीतल्या पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला. आधी खरखर, मग हवा सुटते तसं खोकणं, मग धार. मी आप्पांकडे बघितलं. आप्पा टीव्हीकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे कान करून होते.

वैशू परतली तेव्हा पाय ओले, सलवार घोट्यापर्यंत भिजलेली, मालिका संपून जाहिराती चालू.

"मेले का सगळे?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाले, "नाही. रडायलेत."

ती "बरं" म्हणाली आणि उरलेल्या कैरीच्या फोडी खायला बसली. एवढंच. तिला स्वतःला काही केल्याचं वाटलंच नव्हतं. आप्पांनी कॉटखालची पायताणं पायानं ओढली. मग उठता उठता, जणू पिठाच्या गिरणीचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कवा हाय तुजी परीक्षा?"

ती पास झाली. जायच्या दिवशी सकाळी तिनं आप्पांना टाकीपाशी नेलं आणि मी बघत होते. "चौथ्या खोलीला आधी सोडायचं, तिला चढाला वेळ लागतो. शेवटच्या खोलीतल्या मावशींना उठवत नाही लवकर, तिथं जरा जास्त वेळ ठेवायचं. सातव्याचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो." आप्पा वर्गात बसल्यासारखे ऐकत होते. एकदा सगळं त्यांनी स्वतः करून दाखवलं. मग तिनं पान्हा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा माझा चार्ज." आप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला. गाडी सुटताना रडले ते इस्माईलभाई. आप्पा पाचचं पाणी सोडायला वेळेत घरी पोचायच्या घाईत होते.

आता वैशू त्या लांबच्या शहरातच एका खोलीत बसून आभाळात फिरणाऱ्या यंत्रांवर नजर ठेवते, शिफ्टनं. तिची सुट्टी गुरुवारी नसते. मी रहाटणीत राहते, माझी सुट्टीही गुरुवारी नसते. बाबा निवृत्त होऊन लातूरकडे गेले, त्यांना सगळेच वार सारखे. एके काळी एका खोलीत मावणारा एक वार आम्हा सगळ्यांत कुठेतरी सांडून गेला. आम्ही फोनवर बोलतो. फलक बघितला त्या दिवशी मी वैशूला सांगितलं, "तुझी ईरा परत येतेय."

"मोठी झाली का?"

"चेहऱ्यावरून तरी नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली. पुढे तिनं विचारलं, "महाळुंग्याला गेलीस का एवढ्यात? आप्पांच्या गुडघ्याचं कसंय? मला ते 'बराय' एवढंच सांगतात. दिवाळीलाही यायला जमलं नाही बघ."

म्हणून या गुरुवारी मी रजा टाकली आणि कैऱ्या घेऊन गेले. खोल्या त्याच, माणसं बदललेली. आता तिथे बिहारची, ओडिशाची कुटुंबं आहेत. गॅरेज आहे, इस्माईलभाईंची दाढी पांढरी झाली आहे. टीव्ही भिंतीवर गेलाय आणि पातळ झालाय. आप्पा कॉटवरच. नव्या प्रवासाचा पहिला भाग आम्ही लावला. शनी पूर्वीपेक्षा सुंदर होता. ईरा पहिल्या दहा मिनिटांत रुसली.

"अजून तसंच व्हय," आप्पा म्हणाले. त्यात राग नव्हता. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं म्हणाले.

पाच वाजत आले तसे ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. इस्माईलभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी सांग ग ह्यांना. किती वर्षं म्हणतोय, ऑटोमॅटिक बसवून देतो. बटण दाबलं की पाणी. ऐकत नाहीत."

"द्या आप्पा, मी सोडते आज," मी हात पुढे केला.

"तुला कुठं दिलाय चार्ज?" आप्पा म्हणाले. "ती आली की तिच्याकडं दीन. तवर माज्याकडं हाय." आणि चौकटीवरचा पान्हा काढून, भिंतीला धरत धरत बाहेर गेले.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर चार माणसं तोंड उघडून काहीतरी ओरडत होती, त्यांच्या मागे कडी शांतपणे फिरत होती. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, इतका की मी उठायला निघाले. मग भिंतीत खरखर झाली. खोकणं. धार. चौथ्या खोलीत बादली सरकल्याचा आवाज आला आणि कुणीतरी कुणाला तरी भोजपुरीत हाक मारली. पुढची खोली. त्याच्या पुढची. सातव्याला जरा वेळ लागला. शेवटच्या खोलीतल्या मावशी केव्हाच गावी गेल्या, पण तिथलं पाणी अजून जास्त वेळ वाहत राहिलं.

आप्पा आले तेव्हा धोतराचा सोगा भिजलेला, पावलं ओली. दारात थांबून त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"मेलं का समदं?"

"नाही आप्पा," मी म्हणाले. "रडायलेत."

त्यांनी मान हलवली. पान्हा फडक्यानं कोरडा पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि खिळ्याला अडकवला. खिळा अजून तिथेच आहे, वैशूच्या लहानपणच्या हाताच्या उंचीवर. आप्पांना त्यासाठी थोडं वाकावं लागतं.